दारातून दिसणारं घर

५ मार्च

प्रिय ठमी,

फोन तू उचलत नाहीस आणि उचललास तर "वहिनी, तालीम चालू आहे" म्हणून ठेवून देतेस, म्हणून कागद घेतला. शिवाय मला जे सांगायचं आहे ते दोन मिनिटांत मावणारं नाही.

बाबा आले. आणि त्यांच्याबरोबर त्यांचं अख्खं घर आलं. मला वाटलं होतं दोन बॅगा, एक पेटी, फार तर त्यांची आरामखुर्ची. दारात उभा राहिला ट्रक. तुझ्या दादाने ट्रककडे पाहिलं, आमच्या दाराकडे पाहिलं आणि म्हणाला, "बसेल." हा माणूस दिवसभर लोकांच्या घरांत शिरून विजेचे मीटर वाचतो, पण स्वतःच्या घरात काय मावतं ते याला कळत नाही!

आता आमच्याकडे दोन सोफे आहेत, एक हिरवा आणि एक विटकरी. तीन कपाटं. सहा जातींच्या अकरा खुर्च्या. दोन भिंतीवरची घड्याळं, ज्यांचं एकमेकांशी पटत नाही. स्वयंपाकघरात जाताना मला पोट आत ओढून जावं लागतं, आणि ते किती आत जातं हे तुला माहीत आहे.

बाबांनी आत पाऊल टाकलं, चारही बाजूंना मान फिरवली आणि विचारलं, "हे घर आहे की गोदाम?" चौतीस वर्षं दुकानदारांचे वजनकाटे तपासणाऱ्या माणसाला काय उत्तर देणार? मी म्हटलं, "बाबा, लावू हळूहळू." तर म्हणाले, "लावा. मी एप्रिलअखेर बघतो. नाही जमलं तर वृद्धाश्रमात नाव घालून ठेवलंय. तोवर खोली राखून ठेवतो म्हणालेत." हे सगळं बुटाच्या नाड्या सोडता सोडता.

ठमी, मला त्यांना जाऊ द्यायचं नाहीये. माझे वडील मी आठ वर्षांची असताना गेले. 'बाबा' ही हाक मला लग्नानंतर मिळाली, आणि मी ती गरज नसतानाही मारत असते. आई गेल्या तेव्हा त्यांना कुठेही जाता आलं असतं. ते आपण होऊन माझ्याकडे आले. याचा मला किती अभिमान वाटला ते दादालाही सांगितलेलं नाही.

तू एका गोदामातल्या सामानातून दर महिन्याला रंगमंचावर नवं घर उभं करतेस. मला माझं एक लावून दे. अट एवढीच की नवीन काही आणायचं नाही, त्याला ना जागा आहे ना ऐपत. आणि टाकायचंही काही नाही, कारण बाबांनी सामानाची यादी करून खिशात ठेवलीय.

लवकर लिही. मी एका स्टुलावर बसून दुसऱ्या स्टुलावर कागद ठेवून लिहिते आहे, टेबलापर्यंत पोचायला वाटच नाही.

वैतागलेली,
वहिनी


१२ मार्च

वहिनी,

पहिली गोष्ट, रडू नकोस. तुझ्यापेक्षा वाईट सामानातून मी सरदाराचा दिवाणखाना केला आहे आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या आहेत. तुझ्याकडे वस्तू जास्त नाहीत, त्या एकमेकींशी बोलत नाहीत एवढंच.

आता सांगते तसं कर. स्वतःची अक्कल मध्ये घालू नकोस.

पुढची खोली पूर्ण रिकामी कर. सगळं, अगदी खिळ्यावरचं कॅलेंडरसुद्धा. मग दारात जाऊन उभी राहा आणि रिकामी खोली पोटभर बघ. हे केल्याशिवाय पुढचं करायचं नाही.

तीन रंग ठरव, चौथा आत येऊ द्यायचा नाही. दोन सोफे दोन दिसतात कारण त्यांचे कपडे वेगळे आहेत. घरातल्या जुन्या चादरी काढ, एका पातेल्यात, एका रंगात, एकाच वेळी बुडव. एका भांड्यातून निघालेली कापडं बहिणी होतात. त्यांच्या खोळी सोफ्यांना आणि उशांना. उरलेल्या कापडाचा पडदा. अकरा खुर्च्यांपैकी पाच बाहेर ठेव, बाकीच्या आत ने, आणि त्या पाचांना एकसारख्या गाद्या दे. पाय कुणाचे कसे आहेत ते मग कुणी बघत नाही. कपाटांची लाकडं वेगवेगळी असतील, त्यांना गडद पॉलिश लावून एका वर्णावर आण.

सोबत नकाशा काढला आहे. बाणाचं टोक म्हणजे दार. दोन्ही सोफे दाराकडे तोंड करून किंचित तिरके. दाराकडे पाठ करून कुणी बसलेलं दिसता कामा नये. मोठं कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढ आणि मागे ट्रंका, खोकी, नको ते सगळं सरकव. समोरून काही कळत नाही. दिवा खाली घे, तोंडावर उजेड आला पाहिजे.

बाबांबद्दल मी काय लिहू, तू आहेसच. त्यांना सांग मी मजेत आहे. परवा नवा प्रयोग, भिंतीचा रंग अजून ओला आहे.

ठमी


२८ मार्च

प्रिय ठमी,

माझे हात कोपरापर्यंत निळे झाले आहेत. कामावर, चष्म्याच्या दुकानात, काचा घासताना मालकांनी विचारलं, "बाई, तब्येत बरी आहे ना?" एका गिऱ्हाइकाने तर माझ्याकडून चष्मा घ्यायलाच नकार दिला. तीन दिवस चादरी रंगवत होते. रंग पातेल्याला लागला, न्हाणीघराला लागला, तुझ्या दादाच्या कामावरच्या शर्टाला लागला. तो म्हणाला, "छान."

पण झालं! बये, तुझा हात धरणारा कुणी नाही. काल संध्याकाळी मी दारात उभी राहिले आणि मला माझंच घर ओळखू येईना. सगळं एका आईचं. सोफे जुळे वाटतात. आधी त्या खोलीत शिरलं की डोकं उठायचं, आता तिच्याकडे पाहिलं की डोळे निवतात. शेजारची आली होती, दारातच थांबली, "अगंबाई, कुठून आणलंत एवढं?" म्हणाली. मी म्हटलं, "घरातलंच आहे." तिला मुळीच पटलं नाही. वरच्या मजल्यावरच्या दोघीही बघून गेल्या. गंमत म्हणजे आत कुणी येत नाही, दारातूनच बघून जातात.

बारीकसारीक अडचणी आहेत. मोठ्या कपाटाचं दार तुझ्या तिरक्या सोफ्यामुळे अर्धंच उघडतं, त्यामुळे आतलं काढायला मला कडेने हात घालून चाचपावं लागतं. काल टॉवेल म्हणून दादाची विजार घेऊन आंघोळीला गेले. दिवा खाली घेतल्यापासून दादा दोनदा त्यावर आपटला. होईल सवय.

बाबा काही बोलले नाहीत. म्हणजे आवडलं असणार, नाहीतर त्यांनी ऐकवलंच असतं. सोफ्याच्या कडेला बसतात. चहा दिला की घेतात.

फक्त त्यांचं जुनं टेबल मी तसंच ठेवलंय, फिक्क्या लाकडाचं. त्याला हात लावायचा धीर झाला नाही.

तुझी निळी
वहिनी


३ एप्रिल

वहिनी,

शाब्बास! मी पुढच्या नाटकाला तुला हाताखाली घेते.

घाईत आहे, एकच सांगते. ते टेबल. इतकं सगळं जुळवून आणलंस आणि मधोमध एक फिक्का तुकडा सोडलास तर बघणाऱ्याची नजर पहिली तिथे जाते. तिथेच सगळं फसतं. लावून टाक पॉलिश, दोन हात. विचारत बसू नकोस, विचारलं की माणसं नाही म्हणतात. झालं की आवडतं.

ठमी


१४ एप्रिल

ठमी,

'प्रिय' लिहायचं विसरलेले नाही.

बाबा शनिवारी डोळे तपासायला गेले होते, तेवढ्यात मी टेबलाला पॉलिश लावलं. दोन हात. पंखा लावून वाळवलं. ते आले, कोट काढला, चष्म्याची डबी ठेवायला टेबलाशी आले आणि थांबले. त्यांचा हात टेबलावर होता, ठमी. हात टेबलावर ठेवून त्यांनी मला विचारलं, "माझं टेबल कुठे ठेवलंस?"

मी म्हटलं, "बाबा, हेच ते." त्यांनी वाकून खालून पाहिलं. कडेवरून बोट फिरवलं. मग "बरं" म्हणाले आणि डबी खिशात घातली. ओरडले असते तरी चाललं असतं. चौतीस वर्षं लोकांवर ओरडलेला माणूस माझ्यावर ओरडत नाही, याचा अर्थ मला कळतो. त्यांनी मला पाहुण्यासारखं वागवलं. रविवारी दुपारभर मी घासत बसले, पॉलिश काही निघत नाही.

त्यानंतर मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं माफी मागावी, दोन शब्द बोलावेत. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की बोलताच येत नाही. ते त्या सोफ्यावर, मी या सोफ्यावर, दोघांचीही तोंडं दाराकडे. त्यांच्याकडे बघायचं तर मान मुरगळते. तोंडावर दिवा. दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसल्यासारखे आम्ही दोघं समोर बघत बसलो. तेवढ्यात तुझा दादा आला आणि तिसरा नंबर लावून बसला.

मी उठले आणि दारात गेले. तिथून खोली सुंदर दिसत होती. आत माझा नवरा आणि माझे सासरे बसले होते, तेही सुंदर दिसत होते. मला तिथेच रडू फुटलं, रागाने. दीड महिना होत आला, हे घर फक्त दारातून घर आहे. आत आलं की नाही. म्हणून तर बायका आत येत नव्हत्या. तू मला घर लावून दिलं नाहीस, तू मला नाटक लावून दिलंस. आणि मी मूर्ख, बाणाचं टोक म्हणजे दार हे वाचूनही मला उमगलं नाही. कुठल्या घरात माणसं दाराकडे तोंड करून राहतात?

काल बाबांनी वृद्धाश्रमात फोन केला. तीस तारखेला ते गाडी पाठवणार आहेत. दादाला म्हटलं, अडव की. तो म्हणाला, "त्यांना बरं वाटत असेल तर..." पुढचं मी ऐकलं नाही.

एक विचारते, आणि याचं उत्तर मला हवं आहे. तुझी दोन्ही पत्रं मी पुन्हा वाचली. सोफा कुठे, खुर्ची कुठे, टेबल कसं, सगळं आहे. बाबा कुठे झोपतात, काय खातात, आई गेल्यावर रात्री झोप लागते का, एक ओळ नाही. ते तुझे वडील आहेत ना? की त्यांनाही एका रंगात बुडवून कोपऱ्यात ठेवायचं होतं?

वहिनी


२४ एप्रिल

वहिनी,

आठ दिवस तुझं पत्र पिशवीत घेऊन फिरते आहे. तीन उत्तरं लिहिली. तिन्हींत मी स्वतःची बाजू छान मांडली होती, म्हणून फाडली.

रंगमंचावरची खोली लावताना मी स्वतः कधी वर नसते. पाचव्या रांगेत बसते आणि तिथून ओरडते, खुर्ची डावीकडे, दिवा खाली. बावीस वर्षं हेच केलं. मी लावलेल्या खोलीत मी एकदाही बसलेली नाही. तुझ्या घराचा नकाशा काढताना माझा हात आपोआप दाराकडून सुरू झाला. तुझ्याकडे पाचवी रांग नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. हसू नकोस. हसलीस तरी चालेल.

आता दुसरं. हे सांगायला मला आठ दिवस लागले.

बाबा आधी तुझ्याकडे येणार नव्हते. आई गेल्यावर आठवड्याभराने त्यांनी मला फोन केला आणि विचारलं, "तुझ्याकडे येऊ का?" बाबांनी आयुष्यात मला कधी काही मागितलेलं नाही, तुला ठाऊक आहे. मी म्हटलं, "बाबा, माझ्याकडे जागा नाही." ते "बरं" म्हणाले.

जागा आहे. दोन खोल्या आहेत. एकीत जमिनीवर गादी, एक स्टूल आणि एक दिवा. दुसरी रिकामी आहे, अगदी मोकळी, आत बोललं तर आवाज घुमतो. नऊ वर्षं मी अशीच राहते. काही बरं सामान हाती लागलं की वाटतं नाटकाला होईल, आणि ते गोदामात जातं. तुम्ही येतो म्हणालात की मी तालमीची सबब सांगितली. दुसऱ्यांसाठी शेकड्यांनी घरं लावली आणि बाप येतो म्हणाला तेव्हा त्याला टेकायला खुर्ची नव्हती. मला लाज वाटली, वहिनी. एवढंच कारण. त्यांना नाही म्हणणं खुर्ची नाही हे सांगण्यापेक्षा सोपं वाटलं.

म्हणून तुझ्या पत्रांना मी इतक्या उत्साहाने उत्तरं देत होते. निदान तुझ्याकडची त्यांची खोली तरी मी लावली, असं मनाला सांगता येत होतं. आणि म्हणूनच त्यांच्याबद्दल विचारत नव्हते.

हे त्यांना कळू देऊ नकोस. तुझ्या पाया पडते.

ठमी


२ मे

ठमी,

ट्रक आत्ता कोपऱ्यावरून वळला. तुला फोनवर कळलंच आहे सगळं, पण मला माझ्या बाजूने लिहायचं आहे, आणि यात मी काही झाकणार नाही.

तुझं पत्र वाचलं तेव्हा तुझी लाज, तुझी रिकामी खोली, यातलं काही माझ्या डोक्यात शिरलं नाही. एकच शिरलं. ते आपण होऊन माझ्याकडे आले नव्हते. तू नाही म्हणालीस म्हणून आले होते. आणि मी दोन महिने त्या अभिमानावर कपाटं ढकलत होते. मला इतका राग आला की दोन्ही सोफे धरून फरफटत समोरासमोर आणले, फरशीवर ओरखडे उठले. दिवा वर टांगला. तुझा नकाशा फाडला. बाबा दारात येऊन उभे राहिले, म्हणाले, "काय झालं?" मी तुझं पत्र त्यांच्या हातात दिलं.

हो, तू पाया पडली होतीस. तरी दिलं. मुद्दाम दिलं. तुमची लाडकी लेक कशी आहे ते बघा, असं मला त्यांना दाखवायचं होतं. हे चांगलं केलं नाही ते मला माहीत आहे.

ते सोफ्यावर बसले, मी समोर. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आम्ही एकमेकांचं तोंड बघत होतो. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. मला वाटलं चिडतील. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मला वाटलं, तिला मी नकोय." मग म्हणाले, "खुर्ची नाही म्हणून? वेडी आहे का ती?" आणि उठून त्यांनी वृद्धाश्रमात फोन केला, "गाडी पाठवू नका."

ठमी, त्या क्षणी मी जिंकले असं मला वाटलं. खरंच वाटलं. मी चहा ठेवायला आत वळले, तर मागून प्रश्न आला, "तिची ती दुसरी खोली किती लांब-रुंद असेल?"

त्यानंतर या माणसाला मी ओळखलं नाही. दोन महिने सोफ्याच्या कडेला बसून असणारा माणूस सकाळी सहाला मोजपट्टी घेऊन फिरत होता. खिशातली यादी काढून तिच्यावर खुणा केल्या. हे तिकडे, हे इथेच. कपाटाचं दार बिजागरीतून उतरवलं, पुन्हा बसवलं, म्हणाले, "हे पहिल्यापासून खाली कललेलं होतं, मी बोललो नाही." दादाला खुर्च्या बांधायला लावलं, आणि गाठ सैल आहे म्हणून त्याच्यावर ओरडले. घरात चक्क आरडाओरडा चालू होता! मला इतकं बरं वाटत होतं, आणि ते सगळं जायची तयारी होती.

मी विचारलं शेवटी. कोट चढवत होते तेव्हा विचारलं, कारण मला राहवेना. "बाबा, माझं काय चुकलं? टेबल?" ते म्हणाले, "टेबलाचं काय घेऊन बसलीस! तुझं घर झालेलं आहे गं. तिचं व्हायचंय अजून." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो जड होता. कौतुक होतं की निरोप, ते मला अजून कळलेलं नाही.

मी तुझ्यावर चिडले आहे, ठमी. तू चुकीचा नकाशा दिलास म्हणून नाही. मी हात निळे केले, पाठ मोडून घेतली, सगळं त्यांनी राहावं म्हणून, आणि तुझ्याकडे काहीच नव्हतं म्हणून ते तुझ्याकडे निघाले. यात कुणाची चूक काढायची ते मला सापडत नाही, आणि त्यानेच जास्त चिडचिड होते. हा राग काही दिवस राहणार आहे. तू समजावायला येऊ नकोस.

सामान लावताना मध्ये पडू नकोस. कुठे काय ठेवायचं ते त्यांना ठरवू दे. त्यांना पहाटे चहा लागतो आणि तो गार झालेला चालत नाही. डोळ्यांचा नंबर बदलला आहे, नवा चष्मा मी करून पाठवते, तोवर त्यांना बारीक अक्षर वाचू देऊ नकोस. रात्री झोप लागत नाही. मग ते उठून बसतात, तेव्हा काही बोलायचं नसतं, नुसतं जवळ जाऊन बसायचं.

इथे खोलीत आता पुष्कळ जागा आहे. दादा म्हणाला, "मोकळं वाटतं." मी त्याच्याशी बोलत नाहीये.

अजून एक. त्यांनी माझ्याबद्दल काही विचारलं तर लगेच कळव. नाही विचारलं तर कळवू नकोस.

वहिनी